भाऊ म्हणतो टोयोटा, हे म्हणतात मारुती

वाचकाचं पत्र (थोडक्यात) :

"आम्ही चिपळूणला राहतो. मी कॉलेजात शिकवते, हे लोट्याच्या एमआयडीसीत आहेत. अकरा वर्षं वापरलेली वॅगनआर आता बदलायची आहे. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर, दोन्हींचं स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाबरोबर विजेची मोटरही गाडी ओढते ते मॉडेल) पाहिलं, दोन्ही आवडल्या. माझा भाऊ म्हणतो, टोयोटा घे, इंजिन तीन लाख किलोमीटर हलत नाही. हे म्हणतात, मारुती घेऊ, सर्व्हिस कुठेही मिळते आणि विकताना पैसे येतात. रोजचं येऊन-जाऊन तीस-बत्तीस किलोमीटर. महिन्यातून एकदा सासऱ्यांना कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला दवाखान्यात न्यावं लागतं. वर्षाचं रनिंग साडेबारा हजारांच्या आसपास. सासरे ७८ वर्षांचे आहेत, त्यांना लांब चालवत नाही, म्हणून व्हीलचेअर बरोबर असते. क्लचने माझा गुडघा दुखतो, त्यामुळे ऑटोमॅटिकच हवी. साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा स्ट्राँग हायब्रिड ऑन रोड सव्वादोन लाखांनी महाग पडतंय, पण 'ते अ‍ॅव्हरेजमध्ये निघून येईल' असं शोरूमवाले म्हणाले. कर्ज पाच वर्षांचं काढणार आहोत. २०२१च्या पुरात आमच्या वॅगनआरमध्ये सीटपर्यंत पाणी होतं, घर अजून तिथेच आहे. रोज जेवताना हाच विषय निघतो आणि आवाज चढतात. कोणती घेऊ?"

ताई,

तुमचा भाऊ आणि तुमचे मिस्टर एकाच गाडीवरून भांडतायत. दोघांना एकत्र बसवून हे पत्र वाचून दाखवा, म्हणजे निदान जेवण तरी शांतपणे होईल.

ग्रँड विटारा आणि हायरायडर या दोन्ही गाड्या २०२२च्या जुलैमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आल्या आणि सप्टेंबरात त्यांच्या किमती जाहीर झाल्या. खालचा सांगाडा दोन्हींचा एकच, सुझुकीचा. चाकांमधलं अंतर दोन्हींत २६०० मिलिमीटर. दोन्ही तयार होतात त्या बंगळुरूजवळ बिडदीला, टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात. म्हणजे मारुतीचा बिल्ला लावलेली ग्रँड विटाराही टोयोटाच्याच दारातून बाहेर पडते. मारुतीच्या बलेनोची टोयोटाकडे ग्लँझा झाली, टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसची मारुतीकडे इन्विक्टो झाली, त्याच देवाणघेवाणीतली ही जोडी.

आता इंजिनाचं. इथे भावाचा मुद्दा गळून पडतो. तुम्ही पाहिलेल्या स्ट्राँग हायब्रिडचं तीन सिलिंडरचं दीड लिटर इंजिन आणि त्याला जोडलेली मोटर ही टोयोटाची विद्या आहे. १९९७ साली जपानमध्ये प्रियस आली तेव्हापासून त्यांनी ती घोटलेली आहे. तेच इंजिन, तीच मोटर, तीच बॅटरी ग्रँड विटारातही आहे. उलट साध्या पेट्रोलमध्ये, ज्याला इंजिनाला हातभार लावणाऱ्या छोट्या मोटरमुळे माइल्ड हायब्रिड म्हणतात, सुझुकीचं चार सिलिंडरचं १४६२ सीसीचं इंजिन आहे आणि ते हायरायडरमध्येही तेच आहे. भावाला टोयोटाचं इंजिन हवं असेल तर ते मारुतीच्या शोरूममध्ये मिळेल. मिस्टरांना मारुतीचं इंजिन हवं असेल तर ते टोयोटाकडेही मिळेल.

दुखणीसुद्धा सारखीच. जानेवारी २०२३मध्ये एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये दोष असू शकतो म्हणून मारुतीने १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, त्यांत ग्रँड विटारा होती. त्याच सुमाराला त्याच कारणासाठी टोयोटाने हायरायडर बोलावल्या. वॉरंटीतही आता फार अंतर राहिलेलं नाही. मारुतीची पूर्वी दोन वर्षांची होती, २०२४पासून तीही टोयोटासारखी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर झाली. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी दोन्हीकडे आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आहे.

मग फरक काय? पुढचा चेहरा, मागचे दिवे, आतल्या आवरणांचा रंग, आणि कोणत्या मॉडेलला काय काय दिलंय याची वाटणी. त्या वाटणीसाठी दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघा, कारण सारख्या किमतीच्या मॉडेलांमध्ये एकीकडे ३६० डिग्री कॅमेरा असतो आणि दुसरीकडे नसतो, असं होतं. सहा एअरबॅग आता दोन्हींच्या सगळ्या मॉडेलांत आहेत, त्यामुळे त्यासाठी वरचं मॉडेल घ्यायची गरज उरलेली नाही.

तुमच्या पत्रात मला खरा अडखळा वेगळीकडेच दिसला. घरात वाद चाललाय तो बिल्ल्यावर, आणि सव्वादोन लाखांचा निर्णय मात्र शोरूममधल्या एका वाक्यावर होऊन गेलाय. "अ‍ॅव्हरेजमध्ये निघून येईल." कोणाचं रनिंग किती, हे विचारल्याशिवाय हे वाक्य कोणी बोलू नये. चला, आपण मांडून बघू.

कंपनी स्ट्राँग हायब्रिडला लिटरला २७.९७ किलोमीटर सांगते आणि साध्या ऑटोमॅटिकला विसाच्या पुढे. हे आकडे चाचणीचे. परशुराम घाट, चिपळूणची बाजारपेठ, एसी चालू आणि मागे दोन माणसं, अशा वापराला मी हायब्रिडचे २२ धरतो आणि साध्या ऑटोमॅटिकचे साडेचौदा. हा माझा अंदाज आहे, तुमचा पाय हलका असेल तर दोन्ही थोडे वाढतील. वर्षाला १२,५०० किलोमीटरला साध्या गाडीला ८६२ लिटर लागेल, हायब्रिडला ५६८. वाचलं २९४ लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाला साधारण ३१ हजार.

सव्वादोन लाख भागिले ३१ हजार, म्हणजे सव्वासात वर्षं. पण तुम्ही कर्ज काढणार आहात. त्या वरच्या सव्वादोन लाखांवर नऊ टक्क्यांनी पाच वर्षांत ५५ हजारांच्या घरात व्याज जातं. ते धरलं की नऊ वर्षं होतात. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची. ती आठ वर्षं झाली की बॅटरी संपते असं मुळीच नाही, टोयोटाच्या हायब्रिड बॅटऱ्या त्याहून पुष्कळ जास्त चाललेल्या आहेत. पण तुमची बचत ज्या वर्षी सुरू होणार, त्याच्या आधीच कंपनीची जबाबदारी संपलेली असेल, एवढं डोळ्यांसमोर ठेवा.

इंटरनेटवर जे हिशोब तुम्ही बघाल, त्यांत हायब्रिड याहून लवकर वसूल होताना दिसेल. त्यातले काही उत्तरेकडचे असतात. उत्तर प्रदेशाने २०२४मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता, म्हणून तिथलं गणित वेगळं बसलं. आपल्याकडे दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स लागतो. म्हणजे गाडी जितकी महाग, तितका करही चढतो, आणि तुमच्या सव्वादोन लाखांत तो करही बसलेला आहे.

पैसा हे गाडी घेण्याचं एकच कारण नसतं, हे मला मान्य आहे. मी स्ट्राँग हायब्रिड चालवलेली आहे आणि मनापासून सांगतो, बाजारातून जाताना इंजिन बंद असतं, गाडी नुसती मोटरवर सरकते, तो शांतपणा सुखाचा असतो. सिग्नलला थरथर नाही, एसीही चालू राहतो. तुम्ही त्या गाडीच्या प्रेमात पडलात यात नवल नाही. तुमचं रनिंग वर्षाला वीस हजार असतं तर मी एका ओळीत "हायब्रिड घ्या" लिहून मोकळा झालो असतो. त्या रनिंगला वर्षाला ४९ हजारांच्या आसपास वाचतात आणि व्याजासकट सहा वर्षांच्या आत पैसे परत येतात. उद्या मिस्टरांची बदली होऊन रोज रत्नागिरीला जायची वेळ येणार असेल, तर माझं पुढचं सगळं खोडून टाका आणि हायब्रिड घ्या.

पण आज जसं आहे तसं धरलं, तर दोन गोष्टी मला हायब्रिडपासून मागे ओढतात. दोन्ही तुमच्याच पत्रात आहेत.

पहिली व्हीलचेअर. साध्या मॉडेलची डिकी ३७३ लिटरची आहे. स्ट्राँग हायब्रिडमध्ये डिकीच्या तळाखाली बॅटरी बसते, त्यामुळे तळ वर येतो आणि जागा साधारण २६५ लिटर उरते. नुसत्या आकड्यावरून कळत नाही. घडी केलेली व्हीलचेअर फूटभर जाड असते, मोठी चाकं निघत नसतील तर आडवी टाकायलाच लागते, आणि वर सासऱ्यांची औषधांची पिशवी, फाइल, पाण्याच्या बाटल्या. कऱ्हाडला मुक्काम पडला तर तुमची बॅगही. मागची सीट अर्धी पाडून जागा होते, पण मग मागे एकच माणूस नीट बसणार. तुम्ही घाटात सासऱ्यांशेजारी बसत असाल तर सगळी गंमत तिथेच संपते. शोरूममध्ये खुर्ची घेऊन जा आणि स्वतः डिकीत ठेवून बघा. माणूस म्हणेल "बसेल हो ताई", तरीही ठेवून बघा, आणि डिकीचं दार लागतंय का ते बघा.

दुसरी गोष्ट पुराची. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या पत्रातली ती ओळ वाचून मी थांबलो. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्या दिवशीचे फोटो अजून डोळ्यांपुढे आहेत. सीटपर्यंत पाणी गेलेली वॅगनआर तुम्ही पुढे चालवलीत, कारण त्या गाडीत गावातल्या चांगल्या मेकॅनिकला उघडता येणार नाही असं फारसं काही नव्हतं. गालिचे वाळवले, वायरिंग साफ केलं, ऑइल बदललं, चालू झाली. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मागे मोठ्या दाबाची बॅटरी आहे, नारिंगी आवरणाच्या जाड केबल गाडीच्या पोटातून पुढे जातात. तिथे पाणी शिरलं तर गावातल्या मेकॅनिकने हात लावायचा नाही. प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने आधी त्या बॅटरीची जोडणी सोडवायची, मग पुढचं काम. पुरात हजारभर गाड्या एकदम वर्कशॉपच्या दारात उभ्या राहतात तेव्हा असा माणूस तुमच्या गाडीपर्यंत कधी पोचेल, हा विचार करा. साधी गाडीही आता इलेक्ट्रॉनिक्सने भरलेली आहे, तिचंही नुकसान होतं. पण ते निस्तरणं तुलनेने सोपं असतं.

गाडी कोणतीही घ्या, विम्याच्या बाबतीत मात्र हयगय करू नका. साध्या पॉलिसीत पाण्यात बुडालेल्या गाडीचं नुकसान मिळतं, पण पाणी आत गेलेलं असताना कोणी चावी फिरवली आणि इंजिन जाम झालं तर ते सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर असतं, ते घ्याच. गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम मिळावी म्हणून पहिली तीन वर्षं रिटर्न टू इनव्हॉइस घ्या. हायब्रिडच घेतलीत तर बॅटरीचं पाण्याने झालेलं नुकसान कव्हरमध्ये येतं का, हे लेखी विचारा, काही कंपन्या त्यासाठी वेगळं कव्हर देतात. विमा शोरूममधूनच घ्यायला हवा अशी सक्ती कोणी करू शकत नाही. बाहेरची दोन कोटेशनं आणून टेबलावर ठेवा, शोरूमचा आकडा खाली येतो. आणि पाणी चढलेली गाडी चालू करायची नाही, टोचन लावूनच हलवायची, हे घरातल्या प्रत्येकाला आजच सांगून ठेवा. शक्य असेल तर वरच्या भागातल्या एखाद्या नातेवाइकाकडे जुलै-ऑगस्टपुरती रात्रीची जागा ठरवा. सगळ्यात स्वस्त विमा तोच.

घाटाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुंभार्ली तुमच्या महिन्यात आहे म्हणून सांगतो. साध्या ऑटोमॅटिकला सहा गिअर आहेत आणि ती चालवायला सोपी आहे, पण १०३ पीएसचं हे इंजिन खालच्या वेगात ओढायला जरा मऊ आहे. चार माणसं घेऊन चढावर ट्रक ओलांडताना पाय दाबला की गाडी क्षणभर विचार करते, मग गिअर खाली येतो आणि इंजिन ओरडतं. स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी आधीच एक गिअर खाली घेतलात तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. उतारालाही तसंच, खालचा गिअर घ्या, सतत ब्रेकवर पाय ठेवू नका. हायब्रिड चढावर अधिक तत्परतेने निघते, मोटरचा आधार असतो, मात्र लांब चढणीत बॅटरी उतरली की तिचंही तीन सिलिंडरचं इंजिन चांगलंच घुमतं. उतारावर ती बॅटरी परत भरून घेते, हे तिचं खरं सुख. घाटाच्या एकट्या मुद्द्यावर विचाराल तर गुण हायब्रिडला.

सगळं मिळून माझं मत : तुमच्या आजच्या वापराला साधी पेट्रोल ऑटोमॅटिक घ्या, वाचलेल्या पैशांत कर्ज कमी काढा.

आता बिल्ला. तो ठरवायचा तो वर्कशॉपवरून. मागे माझी एक गाडी एका सेन्सरसाठी एकोणीस दिवस वर्कशॉपमध्ये पडून होती. भाग यायचा होता, मग आलेला भाग चुकीचा निघाला, मग साहेब रजेवर. गाडीत काही खोट नव्हती. पण त्या एकोणीस दिवसांत रिक्षा आणि मित्रांच्या गाड्यांवर काढलेले दिवस मी विसरलेलो नाही, आणि माझ्या घरी तर दवाखान्याची फेरीही नव्हती. तुमच्याकडे ती आहे. म्हणून असं करा. दोन्ही कंपन्यांच्या तुम्हाला सोयीच्या वर्कशॉपना ग्राहक म्हणून फोन करा आणि सर्व्हिसिंगची तारीख मागा. कोण किती दिवसांनी देतं ते लिहून ठेवा. पुढचा बंपर आणि आरसा बदलायला किती दिवस लागतात, विचारा. ग्रँड विटारा नेक्साची, म्हणजे मारुतीच्याच वेगळ्या शोरूम-साखळीची गाडी आहे, तेव्हा मिस्टर ज्या "कुठेही मिळणाऱ्या" सर्व्हिसबद्दल बोलतायत, त्या जवळच्या मारुती वर्कशॉपमध्ये ही गाडी घेतात का, हेही तिथेच जाऊन विचारा. मग एखाद्या शनिवारी सकाळी दोन्हीकडे जाऊन अर्धा तास बाहेर उभं राहा आणि गाडी न्यायला आलेल्या माणसांशी बोला. मारुतीचं जाळं मोठं आहे हे खरंच, पण तुम्हाला अख्ख्या देशाचं जाळं नकोय, तुमच्या घरापासून ज्या दारात गाडी न्यायची ते दार चांगलं हवंय. ते ज्याचं चांगलं, त्याचा बिल्ला घ्या. दोन्ही सारखी निघाली तर तुम्हाला जो चेहरा आवडतो तो घ्या, त्यात काही गैर नाही. रोज ती गाडी तुम्ही बघणार आहात.

बुकिंग करताना गाडी कोणत्या महिन्यात तयार झालेली आहे ते लेखी घ्या आणि पैसे पूर्ण भरायच्या आधी चेसिस नंबरवरून तपासा. वर्षअखेरीला आधीच्या महिन्यांतल्या उभ्या गाड्या पुढे सरकवल्या जातात. त्यावर सूट मिळत असेल तर जरूर घ्या, पण माहीत असून घ्या. कोटेशनमधल्या "हँडलिंग", "किट", "पॅकेज" अशा ओळींवर बोट ठेवून प्रत्येकीचा अर्थ विचारा, नको ते काढायला सांगा.

एक राहिलं. तुमच्या पत्रात भावाचं मत आहे, मिस्टरांचं आहे, शोरूमवाल्यांचं आहे. सासऱ्यांचं नाही. महिन्यातून एकदा दोन-अडीच तास जाताना आणि तेवढेच येताना त्या मागच्या सीटवर तेच बसणार आहेत. टेस्ट ड्राइव्हला त्यांना न्या. वॅगनआरमध्ये माणूस खुर्चीवर बसल्यासारखा बसतो आणि सरळ उतरतो, ती सवय त्यांना अकरा वर्षांची आहे. इथे दार वेगळं, छत मागे उतरतं, आणि वरच्या मॉडेलांतल्या मोठ्या सनरूफमुळे डोक्यावरची जागा आणखी कमी होते. त्यांना दोनदा चढू-उतरू द्या, मदतीला हात पुढे न करता फक्त शेजारी उभ्या राहा, आणि डोकं कुठे लागतं, हात कशाचा आधार शोधतो ते बघा. सनरूफ नसलेल्या मॉडेलमध्येही बसवून बघा. आणि त्यांना दोन्हीतही जमलं नाही, तर दोन्ही गाड्या बाजूला ठेवा आणि मला परत लिहा. आपण दुसरी शोधू.